संशयास्पद ईएक्सई फाइल: ओळखावी कशी आणि काढावी कशी?

सहकारनगरकर | शनिवार, रात्री १०:१२

गेले आठ-दहा दिवस आमच्या घरच्या डेस्कटॉपचा पंखा रात्री कारण नसताना जोराने फिरू लागतो. त्या वेळी संगणकावर कोणी बसलेले नसते आणि कोणताही प्रोग्रॅम उघडा नसतो. टास्क मॅनेजर उघडला की दोन-तीन सेकंदांत पंखा शांत होतो आणि प्रोसेसरचा वापर जेमतेम पाच टक्के दिसतो. तो बंद केला की काही मिनिटांत घरघर पुन्हा सुरू होते.

आज टास्क मॅनेजरमधल्या 'डिटेल्स' या टॅबातली यादी शांतपणे वाचली. 'एसव्हीसीहोस्ट' या नावाच्या ईएक्सई फाइलच्या, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साठ-सत्तर नोंदी दिसल्या. बहुतेकांपुढे 'सिस्टिम', 'लोकल सर्व्हिस' किंवा 'नेटवर्क सर्व्हिस' असे लिहिलेले आहे, पण काही नोंदींपुढे माझे स्वतःचे युजरनेम आहे. त्यांतल्या एकीवर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते उघडले, तेव्हा ती ॲपडेटामधल्या (प्रोग्रॅम आपापली माहिती ठेवतात त्या जागेतल्या) रोमिंग या फोल्डरात, 'विनसर्व्हिस' नावाच्या उपफोल्डरात सापडली.

या संगणकावर आमच्या ३६ सदनिकांच्या सोसायटीचे हिशेब आहेत आणि बँकेचे व्यवहारही मी येथूनच करतो. शेजारचे गृहस्थ म्हणतात की फाइल सरळ डिलीट करा, तर दुरुस्तीच्या दुकानातून सांगितले की फॉरमॅट केल्याशिवाय गत्यंतर नाही. ही फाइल खरी आहे की खोटी, हे मला स्वतःला पडताळता येईल का? खोटी असेल तर ती कोणत्या क्रमाने काढावी? मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळ आहे आणि शिकण्याची तयारी आहे, त्यामुळे उत्तर लांबले तरी चालेल.

वेताळटेकडी | शनिवार, रात्री १०:३१

काका, आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. त्या संगणकावरून बँकेच्या साइटवर जाऊ नका आणि फाइल अजून डिलीट करू नका. बाकीचे बोलू, पण या तीन गोष्टी आज रात्रीच करा.

जुनीपेठ | शनिवार, रात्री १०:४०

युजरनेमखाली चालणारे एसव्हीसीहोस्ट हे नेहमी व्हायरसच असते, कारण खरे एसव्हीसीहोस्ट फक्त सिस्टिमच्या नावाने चालते. यात पडताळण्यासारखे काहीही उरलेले नाही. शिफ्ट दाबून डिलीट करा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

गणकयंत्र | शनिवार, रात्री ११:२५

जुनीपेठ यांच्याशी मी सहमत नाही, आणि या फरकावर पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

एसव्हीसीहोस्ट हा विंडोजच्या सेवा चालवणारा यजमान प्रोग्रॅम आहे. प्रिंटरची सेवा वेगळ्या फाइलने चालते, पण घड्याळ जुळवणे, अपडेट आणणे, नेटवर्कची नावे शोधणे यांसारख्या कितीतरी सेवा डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायच्या कोडची फाइल) स्वरूपात असतात. डीएलएलला स्वतःहून चालता येत नाही, म्हणून तिला हा यजमान लागतो. पूर्वी एका यजमानाच्या घरी अनेक सेवा एकत्र राहत असत. २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान मिळाला, आणि म्हणून आज यादीत त्याच नावाच्या साठ-सत्तर नोंदी दिसतात. त्या संख्येने घाबरण्याचे कारण नाही.

युजरनेमचा निकषही विंडोज १० पासून निकामी झाला आहे, कारण लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावाने चालणाऱ्या काही अधिकृत सेवा त्यात आल्या. काकांच्या यादीत तसल्या नोंदी एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बाकीच्या बहुधा खऱ्याच असतील. त्या सरसकट बंद केल्या, तर चांगल्या चाललेल्या गोष्टी बिघडतील.

मग खरा निकष कोणता? पहिला म्हणजे जागा. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरातून चालते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटची प्रत सिसवाव६४ मध्ये असते. रोमिंग हे तिचे घर नव्हे. रोमिंगमध्ये लिहिण्यासाठी ॲडमिनचा अधिकार लागत नाही, आणि नेमक्या याच सोयीमुळे चोरट्या प्रोग्रॅमांना ते फोल्डर आवडते. दुसरा निकष जन्मदाता. अस्सल प्रतीला 'सर्व्हिसेस' ही प्रक्रिया जन्म देते. मायक्रोसॉफ्टचे प्रोसेस एक्सप्लोरर उघडले तर वंशावळीसारखी फांद्यांची मांडणी दिसते आणि कोण कोणाच्या पोटी आले ते लगेच कळते. तिसरा निकष कमांड लाइन. डिटेल्समध्ये तो रकाना जोडून पाहा. अस्सल नोंदीत फाइलच्या नावापुढे 'डॅश के' आणि सेवागटाचे नाव असते, नकलीत ते बहुधा नसते.

काकांनी जे वर्णन केले आहे त्यावरून ती फाइल खोटी आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती खोटी ठरते तिच्या जागेमुळे, युजरनेममुळे नव्हे, आणि हा भेद पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

रास्तापेठ | शनिवार, रात्री ११:५८

नावावरून निवाडा करण्याचे परिणाम मी स्वतः पाहिले आहेत. २००२ साली एक ईमेल फिरत होती. तीत लिहिले होते की 'जेडीबीजीएमजीआर' नावाची, अस्वलाच्या पिल्लाचे चिन्ह असलेली फाइल तुमच्या संगणकात असेल तर तो व्हायरस आहे, ती तत्काळ काढा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा. मी तेव्हा कॅम्पातल्या एका कचेरीत नोकरीला होतो. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक संगणकात ती फाइल सापडली, आणि सापडली म्हणून सगळ्यांनी ईमेल खरी मानली. वस्तुतः ती विंडोजसोबत येणारी, जावाच्या डीबगिंगशी संबंधित अशी मायक्रोसॉफ्टची फाइल होती आणि ते अस्वलही अधिकृतच होते. आदल्या वर्षी, २००१ मध्ये, लांब फाइलनावे पूर्ववत करणाऱ्या 'एसयूएलएफएनबीके' या साधनाबद्दल हाच प्रकार झाला होता. साप साप म्हणून भुई धोपटणे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सुदैवाने त्या दोन्ही फाइली सामान्य माणसाच्या रोजच्या कामाच्या नव्हत्या. तीच ईमेल एखाद्या महत्त्वाच्या फाइलबद्दल आली असती तर दुसऱ्या दिवशी आमचे कामकाज ठप्प झाले असते.

जुनीपेठ | रविवार, सकाळी ७:४५

गणकयंत्र, युजरनेमबद्दलचे माझे ज्ञान विंडोज ७ च्या काळातले होते, ही दुरुस्ती मला मान्य आहे. मात्र रोमिंगमध्ये असलेली प्रत्येक ईएक्सई चोरटीच असते असाही समज होऊ नये. बैठकीचे, गप्पांचे, गाण्यांचे कितीतरी प्रामाणिक प्रोग्रॅम ॲपडेटातच राहतात, कारण त्यांना ॲडमिनची परवानगी न मागता बसायचे असते. रोमिंगमध्ये असणे आणि वर सिस्टिमच्या फाइलचे नाव धारण करणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय बळावतो.

गणकयंत्र | रविवार, सकाळी ८:१०

हा मुद्दा अगदी योग्य आहे आणि मी तो लिहायला हवा होता.

नावांच्या बाबतीत आणखी एक युक्ती वापरली जाते. 'एलसॅस' ही विंडोजची लॉगिन सांभाळणारी प्रक्रिया आहे आणि तिचे पहिले अक्षर इंग्रजी लहान एल आहे. त्या जागी मोठा आय लिहिला तर पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. एसव्हीसीहोस्टमध्ये व्ही आणि सी यांची अदलाबदल केलेली नावेही सर्रास आढळतात. अशा वेळी नाव दुसऱ्या फाँटमध्ये चिकटवून पाहावे.

कर्वेनगरची_विद्यार्थिनी | रविवार, सकाळी ९:०२

मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उलट बाजूचा अनुभव सांगते. प्रयोगशाळेच्या सबमिशनसाठी मी पायथनमधला एक छोटा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरने ईएक्सई करून मैत्रिणीला दिला, आणि तिच्या अँटिव्हायरसने तो ट्रोजन (साळसूद दिसणारा घातक प्रोग्रॅम) ठरवून उचलून नेला. त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नव्हते. पण त्याच साधनाने हानिकारक प्रोग्रॅमही बांधले जातात, बांधणी सारखी दिसते आणि निरपराध फाइलही पकडली जाते. म्हणून एका अँटिव्हायरसचा निकाल हा अंतिम निकाल मानू नये, असे मला वाटते.

दुसरा अनुभव अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला आहे. प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग होईपर्यंत पेनड्राइव्ह त्यांच्या संगणकाला लावलेला होता. घरी येऊन पाहिले तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. खरे फोल्डर कुठेही गेले नव्हते, त्यांना फक्त हिडन आणि सिस्टिम असे गुणधर्म लावून लपवले होते, आणि शॉर्टकटवर क्लिक केले की आधी एक स्क्रिप्ट चालून मग फोल्डर उघडे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' या आज्ञेने ते गुणधर्म काढले, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढून टाकली आणि रिपोर्ट परत मिळाला. तेव्हापासून प्रिंटसाठी पीडीएफ ईमेलने पाठवते.

काकांना एक प्रश्न आहे. तुमच्याकडे विंडोज डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू असणारच, मग त्याने आठ-दहा दिवस काहीच कसे सांगितले नाही?

हिशोबनीस | रविवार, सकाळी ९:४०

विद्यार्थिनीचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, काकांनी त्याचे उत्तर अवश्य शोधावे.

मी नारायण पेठेतल्या एका सीएंच्या कचेरीत काम करते. आमच्याकडे अशिलांची कागदपत्रे असल्यामुळे एक नियम कटाक्षाने पाळला जातो आणि तो येथेही सांगणे मला आवश्यक वाटते. संशयित फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकदम तपासून घेण्यासाठी व्हायरसटोटल ही सेवा फार उपयोगी आहे. ती २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये गुगलने घेतली. परंतु तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि सशुल्क सदस्यांना उपलब्ध होते. ईएक्सईचे ठीक आहे, पण संशय आला म्हणून एखाद्याने सोसायटीच्या सभासदांची यादी किंवा कोणाचे प्राप्तिकर विवरणपत्र चढवले, तर ती माहिती आपल्या हाताबाहेर गेली असे समजावे.

यावर उपाय असा की फाइल न चढवता तिचा ठसा शोधावा. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा देऊन पुढे फाइलचा पत्ता लिहिला की ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ ठसा मिळतो. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो, आणि ठशावरून मूळ फाइल कोणालाही तयार करता येत नाही. काकांचा संगणक सध्या नेटवर नाही. त्यांनी तो ठसा कागदावर उतरवून किंवा त्याचा फोटो काढून मोबाइलवरून व्हायरसटोटलच्या शोधात टाकावा.

निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी एक-दोघांनीच मोघम नाव देऊन बोट दाखवले असेल, तर विद्यार्थिनीने सांगितल्याप्रमाणे तो चुकीचा इशारा असू शकतो. उलट तो ठसा तेथे सापडलाच नाही, तर निश्चिंत होऊ नये. मायक्रोसॉफ्टची अस्सल फाइल जगभरातल्या असंख्य संगणकांत असते आणि तिचा ठसा केव्हाच नोंदला गेलेला असतो. मायक्रोसॉफ्टचे नाव सांगणारी आणि तरीही कोणी कधीच न पाहिलेली फाइल अधिकच संशयास्पद मानावी.

चतुःशृंगी | रविवार, सकाळी १०:१५

ठशाबरोबर डिजिटल सहीही (फाइल कोणाची आहे हे सांगणारी इलेक्ट्रॉनिक खूण) पाहावी. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये त्यासाठी स्वतंत्र टॅब असतो. सही नसेल तर फाइल खोटी, इतके ते सोपे आहे.

गणकयंत्र | रविवार, सकाळी १०:५०

चतुःशृंगी, इतके सोपे असते तर बरे झाले असते. विंडोजच्या कित्येक फाइलींची सही त्या फाइलमध्ये नसून कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. विंडोज १० मधल्या नोटपॅडच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर तो टॅबच दिसत नाही, तरी नोटपॅड अस्सल असते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातले 'सिगचेक' हे साधन कॅटलॉगही तपासते, म्हणून त्यावर विसंबावे.

आणि सही असली म्हणजे फाइल निर्दोष, असेही नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सह्या केल्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक-सफाईच्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत सहीनिशी वितरित झाली आणि तिच्या पोटात घातक कोड होता. सही हा पुराव्याचा एक भाग आहे. जागा, जन्मदाता, सही, ठसा आणि फाइल तयार झाल्याची तारीख यांची साक्ष एकत्र वाचावी लागते.

सहकारनगरकर | रविवार, दुपारी ४:२०

सर्वांचे मनापासून आभार. सकाळपासून बसून जे सापडले ते लिहितो.

फाइलला सही नाही. कमांड लाइनमध्ये 'डॅश के' नाही. तिला जन्म देणारी प्रक्रिया 'सर्व्हिसेस' नसून त्याच विनसर्व्हिस फोल्डरातली दुसरी एक ईएक्सई आहे. ठसा मोबाइलवरून शोधला, तर चाळीसहून अधिक इंजिनांनी तिला घातक ठरवले आहे आणि बहुतेकांच्या नावांत 'कॉइनमायनर' हा शब्द आहे. म्हणजे माझ्या विजेवर आणि माझ्या प्रोसेसरवर कोणी तिसराच माणूस आभासी चलन कमावत होता.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते पाहून मी हादरलो. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स' म्हणून एक यादी असते, जिच्यातल्या जागा तो तपासत नाही. त्या यादीत माझा संपूर्ण सी ड्राइव्ह नोंदवलेला होता. ती नोंद मी कधीही केलेली नाही. पहारेकरी दारात उभा होता, पण त्याला घराकडे पाहूच नको असे कोणीतरी बजावले होते.

विनसर्व्हिस फोल्डर तयार झाल्याची तारीख दहा दिवसांपूर्वीची आहे. त्या दिवशी काय घडले ते आता आठवतो आहे. अजून काहीही डिलीट केलेले नाही.

कर्वेनगरची_विद्यार्थिनी | रविवार, दुपारी ४:४८

टास्क मॅनेजर उघडल्यावर पंखा का थांबत होता, तेही यावरून उलगडते. अशा मायनरांपैकी काही जण टास्क मॅनेजरची प्रक्रिया सुरू झाली का यावर लक्ष ठेवतात, ती दिसली की काम थांबवतात आणि ती बंद झाली की पुन्हा कामाला लागतात. काकांनी पंख्याच्या आवाजाकडे लक्ष दिले म्हणून हे सापडले, नाहीतर आकड्यांवरून कधीच कळले नसते.

गणकयंत्र | रविवार, सायंकाळी ५:३५

आता काढण्याचा क्रम सांगतो. क्रम चुकला की फाइल परत येते आणि माणूस निराश होतो, म्हणून घाई करू नये.

सर्वप्रथम हिशेबाच्या फाइली, कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. ईएक्सई, स्क्रिप्ट किंवा शॉर्टकट प्रकारची एकही फाइल घेऊ नका. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेंशन दाखवण्याचा पर्याय आधी सुरू करा, कारण विंडोज ती मुळात लपवून ठेवते आणि 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'बिल.पीडीएफ' अशी दिसते.

मग ऑटोरन्स हे साधन दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून आणा. हे आणि प्रोसेस एक्सप्लोरर मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सची साधने आहेत, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतले. ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या सही असलेल्या नोंदी लपवण्याचा पर्याय आहे. तो लावला की आपोआप सुरू होणाऱ्या बाहेरच्या गोष्टींची वाचता येईल एवढी यादी उरते. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) 'रन' नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) आणि डब्ल्यूएमआय (विंडोजची अंतर्गत व्यवस्थापन यंत्रणा) या पाचही जागा पाहा. विनसर्व्हिसचा पत्ता असलेली प्रत्येक नोंद टिपून ठेवा.

काकांच्या संगणकात दोन ईएक्सई एकमेकींना सांभाळत आहेत. एकीला मारले की दुसरी तिला पुन्हा उभी करते. म्हणून प्रोसेस एक्सप्लोररमधून आधी दोघींनाही सस्पेंड करा, म्हणजे जागच्या जागी गोठवा, आणि मगच एकामागून एक बंद करा. गोठलेली प्रक्रिया दुसरीच्या मदतीला धावू शकत नाही. त्यानंतर ऑटोरन्समधल्या नोंदींची खूण काढा, विनसर्व्हिस फोल्डर हलवा किंवा काढा, आणि डिफेंडरच्या एक्सक्लूजन्समधली सी ड्राइव्हची नोंद पुसा. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू होण्याच्या आधी, वेगळ्या वातावरणात तपासणी करतो, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रॅमांना त्याला फसवणे कठीण जाते.

भोसरीकर | रविवार, रात्री ८:०५

वरचा सगळा क्रम योग्य आहे, पण काकांनी तेथेच थांबू नये असे मला पोटतिडकीने सांगायचे आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे, सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांवर सुटे भाग बनवतो. काही वर्षांपूर्वी ड्रॉइंगच्या संगणकावर एका कामगाराने सॉफ्टवेअरचा क्रॅक (परवाना चुकवणारी प्रत) टाकला. दोन दिवस टेम्प फोल्डरात एक अनोळखी ईएक्सई चालत असल्याचे मला दिसत होते. ऑर्डरची गडबड होती, म्हणून मी तिला बंद करून फाइल डिलीट केली आणि विषय संपला असे मानले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या ड्रॉइंग्जना विचित्र एक्स्टेंशन लागले होते आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी होती. ती स्टॉप-डीजेव्हीयू या कुळातली रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) निघाली, जी मुख्यतः क्रॅक सॉफ्टवेअरच्या पोटातून पसरते. मला दिसली ती एक फाइल होती. तिने आणलेल्या बाकीच्या मला दिसल्याच नाहीत.

आम्ही खंडणी दिली नाही. 'नो मोअर रॅन्सम' हा डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. तेथे उलगडण्याची साधने मोफत मिळतात. आमच्या नशिबाने काही फाइली त्यातून सुटल्या, पण बऱ्याच सुटल्या नाहीत, आणि अनेक ड्रॉइंग्ज ग्राहकांकडून परत मागवाव्या लागल्या.

काका, ज्याने तुमच्या डिफेंडरमध्ये सी ड्राइव्ह माफ करून घेतला, त्याच्याकडे त्या क्षणी ॲडमिनचे अधिकार होते. त्या अधिकारात त्याने आणखी काय केले, हे तुम्हाला किंवा मला सिद्ध करता येणार नाही. हिशेब आणि बँक ज्या संगणकावर आहे, त्यावर विंडोज नव्याने टाकणे हाच मार्ग आहे.

गणकयंत्र | रविवार, रात्री ८:४०

भोसरीकरांचे म्हणणे मला पटते. नुसत्या ब्राउझरच्या जाहिरातींचा उपद्रव असता तर मी सफाईवर थांबलो असतो. येथे ॲडमिनचे अधिकार गेले आहेत, म्हणून सफाईनंतर नवी विंडोज टाकणे आवश्यक आहे. मात्र दुकानदाराने पहिल्याच वाक्यात सांगितलेले फॉरमॅट आणि काय झाले ते समजून घेतल्यानंतरचे फॉरमॅट, यांत मोठा फरक आहे. कारण न शोधता फॉरमॅट केले असते, तर ज्यातून हे शिरले तो दूषित इन्स्टॉलर बॅकअपमधून परत येऊ शकला असता.

नवी विंडोज टाकताना आवृत्तीही पाहा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पात्र असेल तर ११ टाका.

हिशोबनीस | रविवार, रात्री ९:१५

आणि पासवर्ड! हा भाग राहून जातो. मायनर आणणाऱ्या पाकिटात अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही असतो. तो ब्राउझरने जतन केलेले पासवर्ड तर नेतोच, शिवाय लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीही नेतो, आणि त्या कुकी असल्या की चोराला पासवर्ड किंवा ओटीपीची गरज उरत नाही. म्हणून पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी सगळ्या किल्ल्या त्या कपाटात असतात. बँकेलाही कळवून ठेवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

नळस्टॉप | रविवार, रात्री ९:३०

मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून जी एपीके फाइल येते, तीही याच जातीची असते का?

वेताळटेकडी | रविवार, रात्री ९:३८

होय. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर प्रोग्रॅम बसवणारी फाइल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. तशी फाइल उघडू नये आणि पुढे पाठवू नये.

रास्तापेठ | रविवार, रात्री १०:०४

सरकारी मदतीचाही उल्लेख करतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. तेथे बॉट (संगणक दुरून ताब्यात ठेवणारे प्रोग्रॅम) काढण्याची साधने मोफत मिळतात आणि ती पुरवणाऱ्यांत आपल्या पुण्याची क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनीही आहे. काटकर बंधूंनी येथेच दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून तो उद्योग उभा केला, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान वाटतो.

सहकारनगरकर | मंगळवार, सायंकाळी ६:५०

दोन दिवस लागले, पण काम झाले. गणकयंत्र यांच्या क्रमाने दोन्ही प्रक्रिया आधी गोठवल्या आणि मग बंद केल्या. ऑटोरन्समध्ये एक शेड्यूल्ड टास्क सापडला. त्याचे नाव एखाद्या अपडेटसारखे होते आणि दर दहा मिनिटांनी तो विनसर्व्हिसमधली फाइल चालू आहे का हे पाहत होता. शनिवारी शेजाऱ्यांचे ऐकून नुसती एक फाइल डिलीट केली असती, तर फोल्डरातल्या दुसरीने आणि या टास्कने मिळून ती परत उभी केली असती. त्यानंतर कागदपत्रांचा बॅकअप तपासून विंडोज ११ नव्याने टाकली. पंखा शांत आहे. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड सौभाग्यवतींच्या मोबाइलवरून बदलले, आणि खात्यांत काही गैरप्रकार झालेला नाही याची शाखेत जाऊन खात्री केली.

उगमही सापडला. विनसर्व्हिस फोल्डर तयार झाला त्या दिवशी माझा भाचा आला होता. सोसायटीच्या जुन्या ठरावाच्या पीडीएफमध्ये एक दुरुस्ती हवी होती, म्हणून त्याने पीडीएफ संपादनाच्या महागड्या सॉफ्टवेअरची फुकट प्रत उतरवली. ती पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये होती आणि सोबतच्या सूचनेत अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा असे लिहिले होते. बदल करण्याची परवानगी द्यायची का, असे विंडोजने विचारले तेव्हा 'होय' वर क्लिक मी स्वतः केले. मुलाला मी रागावलेलो नाही. त्याला शेजारी बसवून हे सगळे प्रतिसाद वाचायला दिले, आणि झिपला पासवर्ड का लावतात हे त्यानेच मला समजावले: बंद पाकिटाच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही.

कर्वेनगरची_विद्यार्थिनी | मंगळवार, सायंकाळी ७:१२

काका, त्या दहा दिवसांत या संगणकाला कोणता पेनड्राइव्ह लावला होता का? आणि ती झिप आणखी कोणाला दिली गेली का?

सहकारनगरकर | मंगळवार, रात्री ८:३०

हा प्रश्न विचारलात म्हणून फार उपकार झाले. पीडीएफचे सॉफ्टवेअर चांगले चालते म्हणून ती झिप मीच पेनड्राइव्हवरून आमच्या खजिनदारांना दिली होती. आत्ता दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. त्यांच्या लॅपटॉपच्या रोमिंगमध्येही विनसर्व्हिस फोल्डर आहे आणि डिफेंडरच्या यादीत सी ड्राइव्ह नोंदवलेला आहे. त्यांचे वायफाय बंद केले, बँकेचे काम थांबवायला सांगितले आणि ठसा लिहून घेतला आहे. तो माझ्याकडच्या ठशाशी अक्षरशः जुळतो. उद्या सकाळी नऊ वाजता ऑटोरन्स घेऊन त्यांच्याकडे बसणार आहे.